दाट जंगलात, ऐन थंडीत, एकट्याने एक रात्र: दुपारपासून सकाळपर्यंत काय कसं करायचं

हिवाळ्यातल्या जंगलात रात्र कशी जाणार, हे दुपारी तीन-साडेतीनलाच ठरलेलं असतं. त्या वेळी अंगावरचे कपडे कोरडे असतील, तंबू उभा असेल, पाणी भरलेलं असेल, तर पारा शून्याखाली उतरला तरी झोप लागते. पण त्या वेळी ‘जरा पुढे गेलो तर आणखी चांगली जागा मिळेल’ म्हणत घाम गाळत चालत असाल, तर भारीतली स्लीपिंग बॅगही फारशी उपयोगाची नाही. चौघं असले की एक जण तंबू लावतो, दुसरा पाणी आणतो, तिसरा चूल पेटवतो. एकट्याला हेच सगळं एकामागून एक करावं लागतं, आणि शेवटची कामं बधिर होत चाललेल्या बोटांनी. म्हणून पुढचा सगळा लेख घड्याळाच्या क्रमाने लिहिलाय.

एक अट मात्र आधीच सांगतो. ज्यांनी इतर ऋतूंत तंबूत रात्री काढल्या आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. पहिलाच कॅम्प, तोही थंडीत आणि तोही एकट्याने, असं करू नका. हिवाळ्यातली पहिली रात्र अंगणात किंवा गाडीपासून दहा मिनिटांवर काढा. नाहीच सोसलं तर उठून आत जाता येईल इतक्या अंतरावर.

निघण्याआधी

हवामानाच्या अंदाजात रात्रीचं किमान तापमान, वारा आणि पाऊस किंवा बर्फ या तीन गोष्टी बघा. अंदाज बहुतेक वेळा जवळच्या गावाचा असतो. तुमची जागा त्याहून उंचावर असेल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस कमी धरा. नवख्यांना उणे आठ हा आकडा भीतीदायक वाटतो आणि दोन-तीन अंश आणि रिमझिम पाऊस हे सुसह्य वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. कोरड्या, कडक थंडीत कपडे कोरडे राहतात; शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेत सगळंच भिजतं आणि वाळत काहीच नाही. एकट्याने जायचं असेल आणि अंदाजात अशी चिकट पावसाळी थंडी असेल, तर बेत पुढे ढकला.

जंगलात मुक्कामाला परवानगी लागते का, आग पेटवायला बंदी आहे का, तो शिकारीचा हंगाम आहे का आणि तिथे कोणते प्राणी वावरतात, हे त्या जंगलाची देखभाल करणाऱ्यांकडूनच विचारून घ्या. शिकारीला परवानगी असलेल्या भागात भडक नारिंगी रंगाचं काहीतरी अंगावर आणि सॅकवर असू द्या.

मग घरचा माणूस. एकाच विश्वासू व्यक्तीला लेखी द्या: कुठून आत शिरणार, कुठे मुक्काम, कोणत्या वाटेने परत, गाडी कुठे लावणार, तंबूचा रंग कोणता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक ठरावीक वेळ. ‘उद्या दुपारी दोनपर्यंत माझा फोन आला नाही तर अमुक नंबरला कळव.’ ‘संध्याकाळपर्यंत येतो’ असं मोघम सांगितलं, तर समोरचा रात्री उशिरापर्यंत ‘येईलच आता’ म्हणत बसतो. आणि ठिकाण ऐनवेळी बदलू नका. बदललंच, तर रेंज असेतोवर कळवा.

सामान: आधी खालचं, मग वरचं

लोक सगळा पैसा स्लीपिंग बॅगवर घालतात आणि मॅट कोणतीही चालेल म्हणतात. थंडी जमिनीतून येते. बॅगेतलं भरण तुमच्या वजनाने पाठीखाली दबलं की त्यातली हवा निघून जाते आणि तिथली ऊब संपते. त्या जागी फक्त मॅट उरते. मॅटची ऊब धरण्याची ताकद ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यात दिलेली असते. बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर झोपायचं तर एकूण पाच किंवा त्याहून जास्त हवी. हे आकडे एकमेकांत मिळवता येतात, त्यामुळे साध्या फोमच्या मॅटवर, जिची आर-व्हॅल्यू साधारण दोन असते, हवा भरायची मॅट टाकणं हा उत्तम उपाय आहे. हवेची मॅट मध्यरात्री फुसकी निघाली तरी फोम पाठीखाली राहतो. एकट्याला हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा.

स्लीपिंग बॅगवर सहसा ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोपता येईल ते तापमान. ‘लिमिट’ला माणूस अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल की नाही याची हद्द, त्यात झोपेचा संबंध नाही. खरेदी करताना फक्त पहिला आकडा बघा, आणि तोही अंदाजातल्या किमान तापमानापेक्षा पाचेक अंश खालचा असू द्या.

कपड्यांत सुती काही नको. अगदी आतले कपडेसुद्धा सुती नकोत. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. अंगालगत लोकरी किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, आणि थांबल्यावर सगळ्यांच्या वर चढवायला फुगीर डाउन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) किंवा सिंथेटिक जॅकेट. यापलीकडे एक जोड फक्त झोपण्यासाठी: थर्मल, जाड लोकरी मोजे, कानटोपी. हा जोड वॉटरप्रूफ पिशवीत बांधायचा आणि तंबूत शिरेपर्यंत उघडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. बूट जाड मोज्यांसकट बोटं हलतील एवढे सैल हवेत; घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गार पडतात.

बाकी सामान मी भराभर सांगतो. दोन हेडटॉर्च, म्हणजे बॅटरी बदलायलासुद्धा उजेड राहतो. लिथियमचे सेल, कारण साधे अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. कागदी नकाशा आणि होकायंत्र. गळ्यात शिट्टी. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली पेटवायची साधनं: खिशात लायटर, सॅकमध्ये वॉटरप्रूफ डबीत काड्या, प्रथमोपचाराच्या पिशवीत चकमक. पक्क्या पात्याची सुरी, घडीची करवत, आठ-दहा मीटर दोरी, चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट. फोनला रेंज नसेल अशा जंगलात उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण किंवा ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा इशारा देणारा बीकन सोबत असावा. एकट्याने जाणाऱ्याच्या बाबतीत मी ही हौसेची वस्तू मानत नाही.

घरीच एक काम करून टाका: तंबूच्या, सॅकच्या आणि जॅकेटच्या प्रत्येक चेनला बोटभर लांबीची दोरीची गाठ बांधा. हातमोजे घालून ती बारीक पट्टी सापडत नाही. मोजे काढावे लागतात, धातूला हात लागतो, आणि दहा वेळा असं झालं की बोटं कामातून जातात.

चालताना घाम येऊ द्यायचा नाही

निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत अंग तापतं. कपाळ ओलसर झालं की थांबा, एक थर काढा, टोपी खिशात टाका, वेग कमी करा. कंटाळा येतो, पण मुक्कामाला पोचल्यावर पाठ ओली असेल तर पुढचा तासभर ती ओल अंगातली उष्णता ओढून घेणार आहे. थांबलात की उलट: गार वाटायच्या आधीच वरचं जॅकेट चढवायचं.

दाट झाडीत वाट चुकणं फार सोपं असतं. सगळ्या दिशा सारख्याच दिसतात, दूरची खूण दिसत नाही, आणि पालापाचोळ्यात किंवा बर्फात पाऊलवाट पुसून जाते. म्हणून मुक्काम ओढा, रस्ता किंवा डोंगरधार अशा लांबलचक, न चुकणाऱ्या खुणेच्या जवळ ठरवा. अंधारात सगळं फसलं तरी ‘सरळ पश्चिमेला गेलो की ओढा लागणारच’ एवढं पक्कं हवं. ठरावीक अंतराने मागे वळून बघा. परतताना जंगल त्या बाजूने दिसणार आहे. फोन विमान मोडवर, आतल्या खिशात, अंगालगत. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही अचानक बंद पडते.

जागा: वर बघा, मग खाली

सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी मुक्कामावर पोचा. दाट जंगलात घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येतं.

जागा निवडताना पहिली नजर जमिनीवर जाते. ती आधी वर गेली पाहिजे. तंबूच्या जागी उभं राहून सावकाश गोल फिरत बघा: वाळलेली झाडं, मोडून अडकलेल्या फांद्या, बर्फाने वाकलेले शेंडे, साल सुटलेले किंवा बुंध्याशी अळंबी उगवलेले खोड. यातलं काहीही तंबूवर पडू शकेल एवढ्या अंतरात असेल, तर जागा बाद. वाळलेल्या झाडाची उंची जेवढी, निदान तेवढं अंतर त्याच्यापासून ठेवा. शांत दिवसातही फांद्या पडतात, आणि रात्री वारा सुटला तर अंधारात तंबू हलवणं एकट्याच्या आवाक्यात नसतं.

मग खाली बघा. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत दरीच्या तळाशी साचते. ओढ्याकाठची सपाट, देखणी जागा पहाटे सगळ्यात गार आणि ओलसर असते. तळापासून थोडं वर, उताराच्या कुशीत एखादी सपाट पायरी मिळाली तर तिथे काही अंशांचा फरक पडतो. डोक्यावर निरोगी झाडांचं छत असणं हा जंगलाचा मोठा फायदा. उघड्यावर जमिनीची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते आणि सगळ्यावर दंव पडतं. झाडाखाली ते बरंच कमी होतं. अट एकच, त्या छतात वाळकं काही नको.

पाण्यापासून साठ मीटर दूर राहा. जनावरांच्या पायवाटेवर, ताज्या विष्ठेजवळ, उकरलेल्या जमिनीजवळ तंबू नको. खोल बर्फ असेल तर सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यालगत जाऊ नका. खालच्या फांद्यांमुळे तिथे बर्फ भुसभुशीत राहतो, आणि त्या खड्ड्यात एकटा माणूस उलटा पडला तर त्याला बाहेर काढायला कोणी नसतं.

तंबू आणि अंथरूण

पोचल्याबरोबर सॅक टाकून बसू नका. आधी ओलं थर्मल बदला, मग जाड जॅकेट, मग काम. बदलायला दिवसाचा म्हणून एक जादा थर्मल जवळ ठेवा. झोपण्याचा जोड अजून पिशवीतच राहू द्या.

बर्फावर तंबू लावायचा असेल तर जागा पायाने तुडवून सपाट करा आणि वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या. दाबलेला बर्फ या वेळात घट्ट जमतो. लगेच तंबू लावला तर तुमच्या गुडघ्यांचे आणि कमरेचे खड्डे रात्रभर टोचत राहतात. साध्या खुंट्या बर्फात धरत नाहीत. कापडी पिशवीत बर्फ भरून किंवा हातभर लांब, जाड काटकीला दोरी बांधून ती आडवी पुरा आणि वर तुडवा. गोठलेल्या जमिनीत खुंटी घुसत नसेल तर झाडं आहेतच. दोरी त्यांना बांधा.

तंबू वाऱ्याला पाठ करून लावा आणि वरची झडप उघडी ठेवा. हा सल्ला ऐकायला उलटा वाटतो. रात्रभर श्वासातून बाहेर पडणारी वाफ कुठेतरी जाणारच. झडप बंद असली की ती आतल्या कापडावर गोठते. पहाटे कूस बदलताना तंबूला कोपर लागलं की बारीक हिमाचा भुगा मानेवर, उशीवर, स्लीपिंग बॅगवर पडतो आणि अंगाच्या उबेने वितळतो. डाउनची बॅग अशी भिजली की तिचा फुगीरपणा जातो. थोडी गार हवा आत आलेली परवडते.

अंथरूण लगेच घाला. स्लीपिंग बॅग तासभर आधी पिशवीतून काढून झटकून ठेवली की तिचं भरण फुलतं.

काहींना हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी, आवडतो. झाडं भरपूर असतात, जमीन सपाट लागत नाही, खरं आहे. पण हॅमॉकमध्ये पाठीखालून वारा वाहतो, त्यामुळे खाली लटकवायची रजई असल्याशिवाय थंडीत त्याचा विचार करू नका.

पाणी आणि स्टोव्ह

तंबू उभा राहिला की दुसरं काम पाणी. रात्रीचं, जेवणाचं आणि सकाळचं मिळून तीन-चार लिटर उजेडातच आणा. अंधारात निसरड्या काठावर एकट्याने उतरायची वेळ येऊ देऊ नका. पाणी खळखळ उकळून घ्या. बारीक नळ्यांचा फिल्टर वापरत असाल तर तो खिशात ठेवा. एकदा आत पाणी गोठलं की नळ्या चिरतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि फिल्टर निकामी झालेला असतो.

ओढा गोठला असेल तर बर्फ वितळवावा लागतो, आणि त्यासाठी इंधन जास्त घ्यावं लागतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. तहान लागली म्हणून बर्फ तोंडात टाकायचा नाही तो याचसाठी, ती सगळी उष्णता तुमच्या शरीरातून जाते. भांड्यात आधी थोडं पाणी घाला, मग थोडाथोडा बर्फ. कोरडाच बर्फ टाकला तर तळ करपतो.

गॅसच्या डब्यात काय आहे ते वाचून घ्या. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे त्याच्या खाली त्याचा गॅस होतच नाही. आयसोब्युटेन उणे बारापर्यंत चालतं, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत. हिवाळ्यात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं, आणि तेही पेटवण्याआधी जॅकेटच्या आत धरून कोमट केलेलं. मिश्रणातलं प्रोपेन आधी संपतं, म्हणून अर्धवट डबा थंडीत नव्यापेक्षा लवकर दम सोडतो. डबा कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवला तर ज्योत सुधारते. ज्योतीवर किंवा शेकोटीजवळ तो कधीही तापवू नका. कडाक्याच्या थंडीत द्रवरूप इंधनाचा स्टोव्ह जास्त भरवशाचा.

बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कोळशाचं भांडं किंवा निखारे तर मुळीच आत आणायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, माणूस झोपतो. दुसरा कोणी असता तर त्याला तुमचं बरळणं खटकलं असतं.

शेकोटी: मनासाठी, उबेसाठी नाही

परवानगी असेल तरच. आणि परवानगी असली तरी रात्रीचा सगळा हिशेब शेकोटीवर बेतू नका. शेकोटी पुढून भाजते, पाठीला वारा लागतो, आणि ती रात्रभर जागी ठेवायला लागणारं सरपण एकट्याने तोडायचं म्हणजे पुन्हा घाम. तरीही तेरा-चौदा तासांच्या अंधारात तिच्यासारखी सोबत नाही, हेही तेवढंच खरं.

जमिनीवर पडलेलं लाकूड बहुधा ओलं असतं. उभ्या वाळलेल्या किंवा इतर फांद्यांत अडकून जमिनीपासून वर राहिलेल्या मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या काटक्या शोधा. कटकन मोडली तर सुकी, वाकली तर सोडून द्या. तिथे पडझडीचं लाकूड उचलायलाही मनाई असेल तर सरपण सोबत न्या किंवा शेकोटीचा नाद सोडा. बाहेरून भिजलेली काटकीही आत कोरडी असते: मनगटाएवढी काटकी उभी चिरा, आतल्या पांढऱ्या गाभ्यावर सुरी अगदी सपाट धरून पातळ ढलप्या काढा, पण त्या पूर्ण सुटू देऊ नका. टोकाशी अडकलेल्या, गोल वळलेल्या ढलप्यांचा झुबका झाला पाहिजे. अशा चार-पाच काटक्या एका काडीत पेटतात. सुरी नेहमी अंगापासून दूर चालवा. जंगलात एकट्याला होणाऱ्या इजांत मला सगळ्यात जास्त धास्ती मांडीवर घसरलेल्या पात्याचीच वाटते.

शेकोटी तंबूपासून पाच-सहा मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असू द्या. बर्फ असेल तर खाली जाड ओंडक्यांचा थर द्या, नाहीतर आग वितळत स्वतःच खड्ड्यात बसते. वर बर्फ साठलेली फांदी नको. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेत उघडा हात ठेवता आला म्हणजे विझली.

झोपण्याआधीचा अर्धा तास

डिसेंबरच्या शेवटी विसाव्या अक्षांशावर रात्र सुमारे तेरा तासांची असते, चाळिसाव्यावर साडेचौदाच्या पुढे, पन्नासाव्यावर सोळा. एवढा वेळ झोपून निघत नाही. घाई नसते, म्हणून हा अर्धा तास नीट वापरा.

जेवण गरम, तेल-तूप-सुकामेवा असलेलं आणि नेहमीपेक्षा बरंच जास्त. स्निग्ध पदार्थ हळू पचतात आणि रात्री उशिरापर्यंत अंग तापतं ठेवतात. दारू नको. ती प्यायल्यावर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं आणि उष्णता बाहेर जाते. उरलेलं अन्न, टूथपेस्ट, कचरा, वास येणारं सगळं एका पिशवीत बांधून तंबूपासून साठ-सत्तर मीटरवर फांदीला टांगा, जमिनीपासून चारेक मीटर वर आणि खोडापासून दूर. अस्वलांच्या जंगलात त्यासाठीचा मजबूत डबा लागतो.

मग पाणी उकळून जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. झाकण लावून बाटली उलटी करा, हलवा, एक थेंबही गळत नाही याची खात्री करा. मोज्यात घालून ती दोन मांड्यांच्या मध्ये ठेवायची. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सकाळी तेच पाणी चहाला कोमट मिळतं. दुसरी बाटली तंबूत उलटी उभी करा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे सकाळी सुलट केल्यावर तोंड मोकळं असतं.

लघवीला जाऊन या. तंबूबाहेर वीस-तीस उड्या किंवा बैठका मारा, घाम न येण्याइतक्याच. स्लीपिंग बॅग उष्णता तयार करत नाही, तुमची धरून ठेवते. गार अंगाने शिरलात तर गारवाच धरून ठेवेल. आत शिरताना झोपण्याचा जोड घाला. फोन, हेडटॉर्च, सेल, फिल्टर आणि उद्याचे मोजे बॅगेत घ्या. बूट पिशवीत घालून पायाशी किंवा मॅटखाली. बॅगेचा गळा आवळा, पण नाक-तोंड बाहेर ठेवा, कारण आत सोडलेला श्वास म्हणजे आत सोडलेलं पाणी. नाक गारठत असेल तर मफलर सैल गुंडाळा.

रात्री

थंडीत लघवी जास्त होते, त्यामुळे जाग येणारच. ‘सकाळपर्यंत धरतो’ म्हणून तळमळण्यापेक्षा रुंद तोंडाची, पाण्याच्या बाटलीपेक्षा वेगळ्या आकाराची बाटली तंबूत ठेवा, अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखता आली पाहिजे. बाहेर जायचंच असेल तर तंबूत एक दिवा लावून ठेवा आणि तो दिसेनासा होईल इतकं लांब जाऊ नका. बर्फ पडत असताना दाट झाडीत वीस पावलंही पुरेशी असतात परतीची दिशा हरवायला.

गारठून जाग आली तर हा क्रम: काहीतरी गोड-तेलकट खा, बॅगेतच पोट आवळून सोडा, पाय सायकलसारखे फिरवा, फुगीर जॅकेट अंगावर किंवा पायांवर पसरा, रिकामी सॅक पायांखाली सरकवा. तरीही अर्ध्या तासात ऊब आली नाही तर उठून पाणी तापवा. तसंच पडून राहिल्याने ऊब येत नाही.

आवाज येतात. खोडातलं पाणी गोठून तडकण्याचा आवाज बंदुकीसारखा असतो. फांदीवरचा बर्फ धप्पकन पडतो. उंदराएवढा प्राणी पालापाचोळ्यात रानडुकराएवढा वाटतो. टॉर्च लावा, मोठ्याने बोला, पुन्हा झोपा. खरंच मोठं जनावर असेल तर आवाजाने बहुतेक वेळा तेच दूर जातं.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. पहिल्यांदा जोरदार हुडहुडी, मग बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते, पाय अडखळतात, आणि ‘जाऊ दे, नंतर बघू’ अशी बेफिकिरी येते. ३२च्या आसपास हुडहुडीच थांबते. माणसाला वाटतं बरं वाटतंय, पण तीच सगळ्यात धोक्याची वेळ. इथेच एकटेपणा नडतो, कारण ज्या मेंदूने ओळखायचं तोच मंदावलेला असतो. म्हणून दर तासाला स्वतःची परीक्षा घ्या: अंगठा करंगळीला टेकतो का, शंभरमधून सात-सात वजा करत खाली येता येतं का. जमलं नाही तर वाद न घालता ओले कपडे काढा, बॅगेत शिरा, गरम बाटली छाती-काखेशी धरा, गोड गरम पेय प्या आणि मदत मागा.

बोटं, नाक, कान पांढरट, मेणचट आणि बधिर झाले तर ती हिमबाधेची सुरुवात आहे. चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. हात काखेत घ्या, नाकावर उबदार तळवा ठेवा. खोलवर गोठलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो वितळवायचा नाही. आधी जंगलाबाहेर पडायचं.

मदतीचा इशारा: मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. ११२ हा आणीबाणीचा नंबर अनेक देशांत चालतो, आणि स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी बऱ्याचदा दुसऱ्या नेटवर्कवरून लागतो. हात बधिर होण्याआधी बीकनचं बटण दाबा.

परत फिरण्याची हद्द आधीच कागदावर लिहून ठेवा: झोपण्याचा जोड भिजला, स्टोव्ह बंद पडला, मॅट फाटली, पाय मुरगळला. यातलं एक झालं आणि अजून उजेड आहे तर उतरा. दोन झाली आणि अंधार आहे तर जागेवरच थांबून मदत मागा. दुपारी ताज्या डोक्याने घेतलेला निर्णय रात्री थकलेल्या डोक्याने मोडू नये, म्हणून तो लिहायचा.

सकाळ

सगळ्यात कडक थंडी सूर्योदयाच्या आसपास असते. बॅगेतूनच स्टोव्हच्या डब्याला ऊब द्या, दिवसाचे कपडे काही मिनिटं बॅगेत घेऊन कोमट करा, मग उठा. तंबूबाहेर स्टोव्ह पेटवून आधी काही गरम पोटात जाऊ द्या, नंतर आवराआवर. बॅग दाबण्याआधी तिच्यातली रात्रीची उबदार, दमट हवा झटकून टाका. तंबूच्या आतला हिम वितळायच्या आत हलवून पाडा. वितळला की तो पाण्याचं वजन होऊन पाठीवर येतो.

शौचासाठी पाण्यापासून साठ मीटरवर १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा लागतो. गोठलेल्या जमिनीत तो खणता येत नसेल तर दुहेरी पिशवीत भरून सोबत परत आणा. शेकोटीची गार राख विखरून टाका, उरलेलं सरपण पसरा.

रेंज येताच घरच्या माणसाला फोन करा, अगदी वेळेच्या तासभर आधी असलात तरी. घरी पोचल्यावर स्लीपिंग बॅग आणि तंबू त्याच संध्याकाळी उघडून टांगा, पूर्ण सुकायला एक-दोन दिवस द्या, आणि त्यानंतर बॅग दाबून न ठेवता मोठ्या, सैल पिशवीत ठेवा.